रंगाखालची ओल

आमचा दादा दरवर्षी होडी पाण्यात सोडायच्या आधी तिला आतून रंग फासतो. लाकूड वाळेपर्यंत धीर धरणं त्याच्या रक्तातच नाही, आणि रंगाखाली ओल कोंडते हे त्याला पटत नाही. उद्या होडी सोडायची म्हणून आजही त्याने तेच केलं. मला स्वस्थ बसवेना. हातोडी आणि पेचकस घेऊन मी आत उतरले आणि तळाचं एकेक आडवं लाकूड ठोकत गेले. कोरडं लाकूड खणखणतं, मधलं मात्र भद्द वाजलं. मी त्यावर पेचकस टेकवून नुसता अंगठ्याने दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"बघ!" मी ओरडले.

दादाने वाकून बघितलं.

"पेचकस सांभाळून काढ गं," म्हणाला, "रंग ओला आहे."