थोरल्यांच्या खुर्चीतला होकार

तिन्ही परीक्षक एकाच वर्षी निवृत्त झाल्यावर टीव्हीवरची ती गाण्याची स्पर्धा पुढे चालू ठेवावी की कायमची बंद करावी, या प्रश्नावरून आमच्या घरात दोन तट पडले होते. सासूबाईंचा पक्ष अत्यंत ठाम होता.

"टाळं लावा म्हणावं," त्या म्हणाल्या. "ते तिघं गेले, आता काय नुसत्या खुर्च्या बघायच्या?"

"आई, तू गाणी ऐकतेस की परीक्षक?" माझ्या पत्नीने विचारले.

"दोन्ही. गाणं वाईट असलं की नुसते परीक्षक."

मग पत्नी माझ्याकडे वळली. "अहो, तुमचं काय मत?"

माझेही मत बंद करण्याच्याच बाजूचे आहे, असे मी नम्रपणे नमूद केले. त्यावर ती म्हणाली, "वा! मग तुम्ही कुठे बसणार? इथल्या स्टुलावर? मी दिवा लावते, तुम्ही हनुवटी वर करा."

ही थट्टा वाचकांस समजावी म्हणून माझ्या व्यवसायाचे स्वरूप सांगणे क्रमप्राप्त आहे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले; पुढचे जे काही थोडेफार, ते ग्रंथालयातील पुस्तकांच्या कृपेने. स्पर्धेच्या स्टुडिओत मी परीक्षकाचा डमी आहे. खरे परीक्षक दुपारी येतात. तत्पूर्वी सकाळी त्यांच्या खुर्चीत कोणीतरी बसावे लागते, म्हणजे दिवे कुठे लावायचे, कॅमेरा किती उंच ठेवायचा, हे ठरविता येते. तिघा परीक्षकांना आम्ही कामगार मंडळी थोरले, मधल्या आणि धाकटे म्हणत असू. थोरल्यांची उंची, खांदे आणि वर्ण माझ्याशी तंतोतंत जुळत असल्याकारणाने अकरा वर्षे रोज सकाळी त्यांच्या खुर्चीत मी बसलो. स्पर्धक समोर येऊन अर्धे कडवे गात, दिवे जुळत, आणि मी उठत असे.

या कामात बोलणे निषिद्ध आहे. केवळ एका वाक्याची मुभा होती. थोरले एखाद्याला निवडताना "तुमची निवड पक्की!" असे इतक्या जोराने गरजत की ध्वनियंत्राचा काटा थरथरू लागे. म्हणून आमचा आवाजवाला, ज्याला सगळे कानसेन म्हणतात, प्रत्येक स्पर्धकानंतर मला ते वाक्य थोरल्यांच्या थाटात म्हणावयास लावी आणि यंत्र बेताचे करून घेई. स्पर्धक खो खो हसत. थोरल्यांचा चेहरा लहान पोरेही ओळखत असल्यामुळे, खुर्चीतला हा इसम खोटा आहे हे कुणाला सांगावे लागत नसे.

स्पर्धा अखेर बंद झाली नाही. नवे परीक्षक नेमले गेले, परंतु पहिला भाग दाखविला जाईपर्यंत त्यांची नावे गुप्त राखण्याचे ठरले. पहिल्या भागाच्या चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे खुर्चीत बसलो तेव्हा मंचप्रमुख बाई, ज्यांच्या गळ्यात सदैव शिट्टी असते, मला म्हणाल्या, "काका, तुमच्या जागी बसणाऱ्या नव्या बाई वीतभर बुटक्या आहेत. खाली घसरून बसा."

"किती घसरू?"

"अजून. अजून थोडं. हां, आता पडू नका म्हणजे झालं."

अशा लोळल्यासारख्या अवस्थेत मी तेरा स्पर्धकांची अर्धी कडवी ऐकली; अर्थात ऐकली असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण डोळ्यांवर येणारा उजेड सोसण्यात माझे सारे चित्त गुंतलेले असते. चौदावी स्पर्धक उशिरा आली. ती एका इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरींना इस्त्री करीत असे आणि पहाटेचे काम उरकून धावतपळत पोहोचली होती. खुर्चीत बसलेली माणसे केवळ दिव्यांसाठी आहेत, ही सूचना बाकीच्यांना सकाळीच दिली होती. हिला ती कोणी दिली नाही. ते मला ठाऊक नव्हते.

तिने अर्धे कडवे म्हटले. कानसेनने नेहमीसारखे बोट वर केले; थोरले गेले तरी यंत्रासाठीचे वाक्य त्याने बदलले नव्हते. मी घसरलेल्या स्थितीतूनच गर्जलो, "तुमची निवड पक्की!"

ती हसली नाही. तिने तोंडावर हात ठेवला, मान लववली आणि निघून गेली. दमली असेल, असे मी मनाशी म्हटले.

अर्ध्या तासाने चहाच्या टेबलापाशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"साहेब, तुमचे उपकार मी विसरणार नाही. मी आमच्या मुकादमबाईंना फोन करून कळवून टाकलं, उद्यापासून येत नाही म्हणून. पुढच्या फेरीला महिनाभर इथे राहावं लागतं ना? रजा काही मिळत नाही आमच्यात."

मी कप टेबलावर ठेवला. सत्य सांगण्यासाठी मी तोंड उघडले, आणि त्यातून जे बाहेर पडले ते "छान, छान" हे दोनच शब्द होते. माझ्या आयुष्यात मी एवढा भेकडपणा क्वचितच केला असेल.

मी कानसेनकडे धावलो आणि सारा प्रकार त्याच्या कानी घातला. त्याने कानावरची यंत्रे उतरवून ठेवली, हे तो फार थोड्या प्रसंगी करतो.

"डमीकाका, तुम्ही तिची नोकरी घालवलीत?"

"वाक्य तू म्हणायला लावलंस!"

"मी यंत्राला ऐकवायला सांगितलं होतं, तिला नाही!" मग तो विचारात पडला. "एक सांगू? गप्प बसा. दुपारपर्यंत काही बोलू नका. आपली निवड झालीय असं समजून गाईल ती, बिनधास्त गाईल. चांगली गायली तर खरंच निवडतील. प्रश्न मिटला."

"आणि नाही निवडलं तर?"

"मग तर ती विचारायला येईलच. तेव्हा सांगा."

"आणि सांगितलं तर मंचप्रमुख बाई मला ठेवतील का? स्पर्धकांशी बोलायचं नाही असा नियम आहे."

"म्हणून तर म्हणतो, गप्प बसा."

हा सल्ला मोहात पाडणारा होता, हे मी कबूल करतो. परंतु माझ्या डोळ्यांपुढे दुपारचे दृश्य उभे राहिले. ती मुलगी दिव्यांच्या उजेडात उभी आहे, तिच्या मते सारे ठरलेले आहे, आणि त्याच खुर्चीतून तिला कोणीतरी "नाही" म्हणते. चारही कॅमेरे तिच्या चेहऱ्यावर. आणि संध्याकाळी परतण्यासाठी नोकरी नाही. माझी नोकरी गेली तर निदान का गेली हे मला कळेल. तिला तेही कळणार नव्हते.

मी तिला शोधत कपड्यांच्या खोलीत गेलो. तेथे ती एका दुसऱ्याच स्पर्धकाचा चुरगळलेला झगा इस्त्री करीत होती.

"साहेब, बाजूला व्हा हं, वायर आहे," ती म्हणाली. "ह्यांच्याकडे बाह्यांना इस्त्री कशी करतात तेच कुणाला ठाऊक नाही."

"मी साहेब नाही," मी म्हणालो. "मी परीक्षक नाही. मी दिव्यांसाठी बसतो. ते वाक्य मला यंत्रासाठी म्हणावं लागतं. तुमची निवड झालेली नाही. तुमची खरी परीक्षा दुपारी आहे. चूक माझी आहे आणि तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

एका दमात हे सांगून मी मान खाली घातली. इस्त्रीची वाफ सुसू करीत होती. ती रडेल, ओरडेल, कदाचित इस्त्री फेकून मारेल, या सर्व शक्यतांची मी मनोमन तयारी ठेवली होती.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "मला अजून गायचंय?"

"हो."

"पूर्ण गाणं?"

"पूर्ण."

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. "काका, मघापासून मी रडतेय ते कशासाठी माहितीये? मला वाटलं, एवढंच? अर्धं कडवं? दोन वर्षं मी हे गाणं चादरींच्या ढिगाशी बसून घोटलंय आणि ह्यांनी दुसरी ओळ पण ऐकली नाही? जुने तिघं नापास करायचे, पण शेवटपर्यंत ऐकायचे. मला वाटलं, संपलं. आता इथे कुणी ऐकत नाही. आणि तुम्ही तर खुर्चीत लोळलेले! म्हटलं, केवढे निवांत परीक्षक!"

"ते उंचीसाठी," मी म्हणालो.

तेव्हा कुठे ती हसली. पण नोकरीचा प्रश्न उरलाच होता. मी तिला मुकादमबाईंना ताबडतोब फोन लावण्याची विनंती केली. हवे तर मी स्वतः क्षमा मागतो, असेही म्हटले. तिने फोन लावला. पलीकडून यंत्रांची घरघर आणि त्यावर मात करणारा एक आवाज आला, तो मलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"काय गं, आता काय सोडलंस? घर?"

"बाई, सकाळी मी म्हणाले ते..."

"सकाळी मशीन चालू होतं, मला काही ऐकू आलं नाही. फोनवरून नोकरी सुटत असती तर मी वीस वर्षांपूर्वीच सुटले असते. गाणं झालं का?"

"नाही, दुपारी आहे."

"मग गा आणि संध्याकाळच्या शिफ्टला ये. निवड झाली तर बघू महिन्याचं, माझी पुतणी रिकामीच बसलीय घरी, तिला लावू तुझ्या जागी. कोण आहे तिथे शेजारी? श्वास कुणाचा ऐकू येतोय एवढा?"

तो श्वास माझा होता. माझा जीव भांड्यात पडला होता.

तेथून मी सरळ मंचप्रमुख बाईंकडे गेलो आणि घडलेला अपराध सांगितला. त्यांनी शिट्टी तोंडात धरून सारे ऐकले. "हिला सूचना द्यायला मी विसरले," त्या अखेर म्हणाल्या, "आणि शिक्षा तुम्हाला कशी देऊ? पण उद्यापासून आकडे म्हणा. एक, दोन, तीन. बाकी काही नाही."

दुपारी मी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो. माझ्या खुर्चीत, म्हणजे थोरल्यांच्या खुर्चीत, त्या नव्या बुटक्या बाई बसल्या होत्या. त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. थोरल्यांचा रुबाब त्यांच्यापाशी नव्हता, हे मान्य केले पाहिजे. चौदावी स्पर्धक गाऊ लागली तेव्हा त्यांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. मग त्या हलल्या नाहीत. गाणे सहा मिनिटे चालले, आणि त्या सहा मिनिटांत त्यांची नजर एकदाही इकडेतिकडे गेली नाही. शेजारचे दोघेही तसेच.

"आवाज भरीव आहे," गाणे संपल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण दुसऱ्या कडव्यात तुम्ही गाणं सोडलंत आणि आमचे चेहरे वाचायला लागलात. तिथे सूर उतरला. माझ्याकडून नाही."

सकाळी ज्या आसनावरून होकार गरजला होता, तेथूनच नकार आला होता. परंतु उरलेल्या दोघांनी आपसांत कुजबुजून "हो" म्हटले, दोघांनीही, आणि नियम बहुमताचा आहे. टाळ्या वाजल्या. ती मात्र नकार देणाऱ्या बाईंकडेच बघत होती.

"बाई, मग त्या कडव्यात बघू कुठे?"

"माझ्यामागे भिंत आहे ना," बाई म्हणाल्या, "ती काही मार्क देत नाही." आणि सारा स्टुडिओ हसला, ती सर्वांत जास्त.

ही स्पर्धा बंद व्हावी, असे माझे जे मत होते ते मी त्या क्षणी मनातल्या मनात मागे घेतले. मत बदलल्याचे दुःख मला यत्किंचितही झाले नाही. उलट, पुष्कळ दिवस पायात घातलेला घट्ट जोडा काढल्यासारखे वाटले.

स्टुडिओच्या आतल्या बोळात ती पिशवी खांद्याला लावून भेटली. शिफ्टची वेळ झाली होती.

"काका, खरं सांगा. सकाळी मी कशी गायले?"

"सकाळी मी ऐकलंच नाही," मी म्हणालो. "मी उजेड बघत होतो."

"आणि दुपारी?"

"दुपारी ऐकलं. शेवटपर्यंत. नव्या बाईंचं बरोबर होतं, दुसऱ्या कडव्यात उतरलं."

"बघा! सकाळी निवड पक्की, आणि आता नापास!" तिने कपाळावर हात मारला, पण चेहरा प्रसन्न होता. "बरं, रस्त्यावर जायचं दार कुठलं? इथली सगळी दारं नुसती रंगवलेली, खोटीच दिसतात."

मी तिला खऱ्या दारापर्यंत सोडले.