पडद्यामागची भाऊबीज

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीचा नव्हे, फिरत्या सिनेमाचा. मांजरपाटाच्या दोन रुंद पट्ट्या जोडून बारामतीच्या एका शिंप्याने मला शिवले. जोड नेमका मधोमध आला, त्यामुळे नायक मध्ये उभा राहिला की त्याच्या नाकावर शिवण दिसे. लोक त्यालाही हसून घेत. हसू देत बापडे!

माझे मालक म्हस्कूराव. पावसाळा सरला की तंबू बैलगाडीत घालून ते डाळज, इंदापूर, पिंपळी असे फिरत. मला तंबूच्या मधोमध टांगत. माझ्या पुढच्या बाजूला पुरुष बसत, मागच्या बाजूला बायका आणि मुले. खेळाआधी म्हस्कूराव माझ्यावर पाणी शिंपडत. मग उजेड माझ्यातून आरपार जाई आणि मागच्यांनाही चित्र स्वच्छ दिसे. फक्त तिकडे ते उलटे दिसे, उजवा हात डावा होई. बायकांच्या हे इतके अंगवळणी पडले होते की कोणाच्या ध्यानातही येत नसे.

एका दिवाळीच्या पाडव्याला आमचा मुक्काम पिंपळीत होता. सहा-सात वर्षांची सारजा शेजारणींबरोबर मागे बसली होती. तिची आई तान्ह्या भीमाला घेऊन घरीच होती आणि वडील सावळाराम पुढे पुरुषांत होते. त्या चित्रात एक बहीण भावाला कुंकू लावून ओवाळते. सारजा ते डोळ्यांत साठवून घेत होती. भीमा तिचा पहिलाच भाऊ आणि दुसऱ्या दिवशी तिची पहिलीच भाऊबीज. मला किती कौतुक वाटले म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सावळाराम एकटाच तंबूवर आला. तोंड उतरलेले होते.

"म्हस्कूराव, तुमच्या पडद्यानं आमच्या सणाचा इचका केला," तो म्हणाला. "पोरीनं भावाला डाव्या हातानं कुंकू लावलं. तिच्या आईनं हात धरला, तर पोर म्हणती, शिनिमातल्या ताईनं असंच लावलं. आता म्या बी तोच शिनिमा बघितलाय. उजवाच हात व्हता. खोटं बोलती म्हणून एक थप्पड दिली."

"मग?"

"मग काय? सकाळधरनं अन्नाला शिवली न्हाय. माझी आई म्हणती, पडद्यानं पोरगी बिघडवली, आता घरातलं एक बी पोर तंबूत जायचं न्हाय. पन सारजा कवा खोटं बोलत न्हाय हो. तेच जिवाला लागलंय."

मित्रांनो, मी चित्र दाखवतो, पण कुणाची बाजू मांडायला मला तोंड नाही. त्या मुलीला खोटी ठरवणारा मीच होतो आणि खरी ठरवणाराही मीच होतो.

म्हस्कूरावांनी जरा विचार केला. मग ते म्हणाले, "आजबी तोच खेळ हाय. त्यो परसंग आला की मागच्या खांबापाशी उभं ऱ्हावा."

बायकांच्या बाजूला जायचे म्हणून सावळाराम संकोचला, पण गेला. मान खाली घालून उभा राहिला. भाऊबिजेचा प्रसंग आला तशी त्याने मान वर केली. चित्रातल्या बहिणीने डाव्या हाताचे बोट कुंकवात बुडवले आणि भावाच्या कपाळाला लावले.

सावळारामने उपरण्याने डोळे पुसले. "पोरगी खरं बोलत व्हती," तो म्हणाला. "तिला उलट्या बाजूला आमीच बसवलं आन थप्पड बी आमीच दिली."

दुसऱ्या दिवशी तो सारजाला घेऊन आला. पुरुषांच्या बाजूला, सगळ्यांच्या देखत तिला मांडीवर बसवले. सोबत तंबूला नावे ठेवणारी तिची आजी प्रयागबाईही आली होती. तो प्रसंग आल्यावर सारजाने आधी माझ्याकडे पाहिले, मग आपल्या उजव्या हाताकडे. आजीने तोच हात हातात घेतला आणि म्हणाली, "उद्या ह्या हातानं भीमाला परत कुंकू लाव. म्या बसते तुझ्यापाशी."

पुढच्या मुक्कामापासून म्हस्कूरावांनी माझ्यापुढेच मध्ये दोरी बांधली आणि तिच्या एका बाजूला बायका-मुलांनाही बसवले.

आता मी विरलो आहे. म्हस्कूरावांच्या अंगणात माझ्यावर मिरच्या वाळत घालतात. मी मुलांना बिघडवतो का, हे लोक अजून विचारतात. मला ते ठाऊक नाही. एवढेच मागणे आहे, मूल काय पाहून आले ते त्याला विचारा, आणि रागावण्याआधी एकदा ते बसते तिथे जाऊन बसा. सावळारामला ते थप्पड दिल्यावर सुचले.