पाहुण्याची रोपं

तिला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी बसणं तिला जमतच नसे. लग्न होऊन ती पडली चष्म्याच्या दुकानात, जिथे सगळं काम बसून करायचं. मग तिने नवऱ्याला मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्रावर बसवलं आणि पुढचं दुकान स्वतः उभ्या उभ्या चालवायला घेतलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, मागे सरकून मान वाकडी करून बघायचं, पुन्हा पुढे येऊन कानामागची दांडी वाकवायची. बोलता बोलता काच पुसायची, काउंटर पुसायचा, समोरच्याच्या हातातल्या किल्ल्यासुद्धा पुसून द्यायच्या. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, चष्म्याचे नंबर राहत. रस्त्यात कोणी हात केला की तिला आठवे ते असं : डावा डोळा साधा, उजव्याला जाड भिंग.

दुकानामागे फरशी घातलेलं लहानसं अंगण होतं आणि त्यात एक झाड. ते तिच्या धाकट्या दिराने आणलेलं. दीर आफ्रिकेत बोअर मारणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. तिथल्या सिमेंटने आणि चिखलाने त्याच्या हाताची कातडी फुटायची, खाजेने जीव नकोसा व्हायचा. जवळच रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाईने त्याला एका झाडाची पानं उकळून, ते पाणी गार करून त्यात हात बुडवायला सांगितलं. त्याला उतार पडला. ते झाड रानातलं नव्हतं, बाईने स्वतः दोन झाडांचा संकर करून काढलेलं होतं. एक डोंगरावरचं, औषधी पण जहाल. त्याचं पान नुसतं चोळलं तरी फोड यायचे. दुसरं नदीकाठचं, गरीब स्वभावाचं, कशाच्याच उपयोगाचं नाही. त्या दोघांच्या पोटी हे जन्मलं, गुण उचलून आणि खोड्या मागे टाकून. दीर नोकरी सोडून परत आला तो ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक फांदी घेऊनच. फांदीने मूळ धरलं, झाड भिंतीच्या वर गेलं, आणि घरात सगळे त्याला पाहुणा म्हणू लागले.

भिंगरीच्या मुलीला कोपराच्या वळणात इसब होता. डॉक्टरीणबाईंचं मलम चालू होतंच. त्यांनी झाडाची गोष्टही नीट ऐकून घेतली आणि सांगितलं, मलम बंद करायचं नाही, पाणी आधी थोड्याच जागेवर लावून बघायचं, काही उठलं तर लगेच दाखवायला यायचं. काही उठलं नाही. उलट मुलगी झोपेत खाजवायची थांबली.

एवढं झाल्यावर भिंगरीच्या तोंडाला कुलूप बसणं शक्यच नव्हतं. दुकानात कोणी मनगट खाजवताना दिसला की ती फ्रेम बाजूला ठेवून पाहुण्याची गोष्ट सुरू करायची. लोक आधी पानं मागू लागले, मग झाडच मागू लागले. दिराने तिला फांद्या लावायला शिकवलं. जून फांदी तिरकी कापायची, वाळूत खोचायची, सावलीत ठेवायची आणि वाट बघायची. वाट बघणं सोडून बाकी सगळं तिने व्यवस्थित केलं. सकाळ झाली की एकेक फांदी उपटून मूळ फुटलं का ते बघायची आणि परत खोचायची. सगळ्या कुजल्या.

इकडे झाडाखाली शेंगा तडकत होत्या आणि फरशीच्या फटींतून आपोआप रोपं वर येत होती. तिने ती उचलून कुंड्यांत भरली. दीर तेव्हा दाराशी उभा राहून म्हणाला होता, "वहिनी, बियांचा भरवसा नसतो. त्या बाईंनी फांदीच लावायला सांगितलं होतं." ती काच पुसत होती. हो हो म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. पुढे तिने पुष्कळदा स्वतःची समजूत घातली की त्या वेळी नीट ऐकू आलं नव्हतं. पण ऐकू आलं होतं.

नव्या चष्म्याबरोबर रोप, असा तिचा रिवाजच पडला. रोपं दिसायला अगदी पाहुण्यासारखी. लोकांनी ती अंगणात, गच्चीत, गेटाजवळ लावली आणि बघता बघता ती कंबरेएवढी झाली.

मग एका सकाळी कोपऱ्यावरचा बेकरीवाला दुकानात आला. त्याला पिठाची ॲलर्जी होती, बोटांच्या बेचक्यांत सतत चिरा. त्याने उजवा हात काउंटरवर ठेवला आणि त्यावरचं फडकं काढलं. तळव्यापासून मनगटापर्यंत पाण्याने भरलेले फोड होते. रोप मोठं झालं म्हणून काल पहिल्यांदा पानं उकळली होती, असं त्याने सांगितलं. आवाज चढवला नाही, नुसता हात तसाच ठेवून उभा राहिला. भिंगरीने त्याला ताबडतोब डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत ती एकटीच बोलत होती.

परत येताना बेकरीच्या मागून त्या रोपाची फांदी फडक्यात धरून तोडली आणि तिने दिरापुढे धरली. दिराने पान हातात घेतलं नाही. चष्मा कपाळावर चढवून लांबूनच पाहिलं.

"मूल आईबापांवरच जाईल असं कुठे असतं?" तो म्हणाला. "कुणी आजोबांवर जातं. हे डोंगरावरच्या आजोबांवर गेलंय."

"आणि बाकीची?"

"कुणी नदीवर गेलं असेल, कुणी डोंगरावर. बघून मला सांगता येणार नाही, वहिनी."

तिने त्याच पावली चप्पल घातली. दुकान नवऱ्यावर टाकलं आणि घरोघर फिरायला लागली. कुणाला काय दिलं ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ती चालता चालता नंबर आठवायची आणि नंबरावरून माणूस शोधायची. वजा चारवाल्या शिंपीणबाईंच्या गच्चीत रोप होतं, त्यांनी कटकट न करता दिलं. टॅक्सीवाल्याचं कधीच वाळून गेलं होतं. ते ऐकून ती इतकी खूश झाली की त्याला वाईट वाटलं. एका घरी तिला दारातच ऐकवण्यात आलं की, आधी गळ्यात मारायचं आणि मग काढून न्यायचं, हा काय प्रकार आहे. ती माफी मागायची, फडक्याने धरून उपटायची, पोत्यात भरायची, पुढच्या घरी जायची. घरी जेवायला बसली की मध्येच कोणीतरी आठवायचं आणि ती हात धुऊन उठायची. झोपेतही तिचे पाय हलत असल्याचं नवऱ्याने सांगितलं. मुलगी म्हणाली, आई, आता तुलाच खाज सुटल्यासारखं झालंय. ते खरंच होतं, फक्त खाजवायला जागा सापडत नव्हती.

अशी फिरत ती मोठ्या बाईंच्या गेटाशी येऊन पोचली. मोठ्या बाई म्हणजे तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आता निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. शाळेत भिंगरीला वर्गात चुळबुळ केल्याबद्दल त्यांच्या खोलीबाहेर कित्येकदा उभं राहावं लागलं होतं. चष्म्याच्या निमित्ताने बाई दुकानात यायच्या, तेव्हाही ती त्यांच्यासमोर फडकं खाली ठेवून सरळ उभी राहायची.

बाईंचं झाड खिडकीच्या वर गेलं होतं. भिंगरीने सगळं सांगितलं आणि झाड काढायची परवानगी मागितली. बाईंनी साफ नकार दिला. त्यांच्या घोट्यांवर जुना इसब होता, कशालाच दाद न देणारा, आणि या पाण्याने तो बसला होता. त्यांनी पाय पुढे करून दाखवला. कातडी खरोखरच स्वच्छ होती. इतकंच नाही, त्या येत्या रविवारी शेजारणीच्या सुनेलाही पानं देणार होत्या. सुनेच्या तान्ह्या बाळाच्या अंगावर पुरळ उठलं होतं.

बाळाला नको, एवढंच भिंगरी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"बेकरीवाल्याचं झाड ते बेकरीवाल्याचं," बाई म्हणाल्या. "माझ्या झाडाने काय केलंय ते दाखव. नुसतं सांगून मी ऐकणार नाही."

मग भिंगरीने आपली बाही वर केली. बाईंनी पानं उकळली, पाणी निवू दिलं, पट्टी भिजवली आणि तिच्या हातावर आतल्या बाजूने ठेवली. पट्टी सरकू नये म्हणून हात टेबलावर उताणा ठेवून बसायचं होतं. भिंगरी बसली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच बसली. समोर घड्याळ होतं, पण बाईंनी तिची खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडे करून दिलं. तिचा डावा पाय आपोआप हलायला लागला. बाईंनी वर्तमानपत्रावरून नजर टाकली, तो थांबला. टेबलावर बाईंच्या पेल्याचं ओलं वर्तुळ उमटलं होतं, ते पुसण्यासाठी तिची बोटं शिवशिवत होती. मनात नंबर, घरं, गेटं गरगरत होती. अजून किती जणांकडे जायचंय, त्यातलं कोण आत्ता या क्षणी पातेलं चुलीवर ठेवत असेल? तिला रडू यायला लागलं. हात हलू नये म्हणून तिने तेही दाबलं.

बाईंनी दुपारी पट्टी काढली. हात कोरा करकरीत होता. "बघ," बाई म्हणाल्या, आणि त्या आवाजात विजय नव्हता, सुटल्यासारखं काहीतरी होतं. भिंगरीलाही क्षणभर हायसं वाटलं. निदान एक झाड तरी गुणाचं निघालं. वाटेत ती स्वतःशी हसलीसुद्धा.

सकाळी तिला जाग आली ती हाताच्या आगीने. पट्टीच्या आकाराचा लाल चौकोन उठला होता आणि त्यात बारीक फोड. तोंड न धुताच ती निघाली. बाई गेटाशी झाडाला पाणी घालत होत्या. तिने हात पुढे केला.

बाईंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. पाण्याची झारी खाली ठेवली.

"म्हणजे मला बरं वाटलं ते खोटं?"

"नाही बाई. तुम्हाला सोसलं. मला नाही सोसलं."

"आणि बाळाला..." बाई आत गेल्या आणि करवत घेऊन आल्या. भिंगरी करवत घ्यायला पुढे झाली, तर त्यांनी तिचा फोड आलेला हात बाजूला केला आणि स्वतःच वाकून कापायला लागल्या. मध्ये मध्ये दम खात होत्या, पण मदत घेतली नाही. झाड आडवं झालं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि विचारलं, आता माझ्या पायांचं काय.

भिंगरीने पाहुण्याच्या फांद्या द्यायचं कबूल केलं. दिराने त्या कापून दिल्या आणि एकच अट घातली. वाळूच्या कुंड्या मोठ्या बाईंच्या घरी राहतील, वहिनींनी त्यांना बोटही लावायचं नाही. भिंगरी पहिल्याच आठवड्यात बहाणा काढून तिथे गेली. बाईंनी तिला खिडकीतून कुंड्या दाखवल्या आणि दारातूनच परत पाठवलं. बऱ्याच दिवसांनी निरोप आला की दोन फांद्यांना पालवी फुटली आहे, आणि त्यातली एक बाळाच्या आईसाठी आहे, पण डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय ती बाळाला पाणी लावणार नाही.

बेकरीवाल्याचा हात बरा झाला. तो भिंगरीला पाव देतो, पाव ताजा असतो, पण चष्मा करायला तो आता दुसरीकडे जातो. तिने एकदा त्याला थांबवून काही बोलायचा प्रयत्न केला होता. त्याने मान हलवली आणि भट्टीकडे गेला.

आणि एक रोप काही केल्या सापडलं नाही. ते तिने कुठल्याशा परगावच्या ट्रकवाल्याला दिलं होतं. त्याने उभ्या उभ्या वाचायचा चष्मा घेतला होता, मनगट खाजवत. दोन्ही डोळे अधिक दीड. असा नंबर निम्म्या गावाचा असतो. तो डोंगरावर गेलेलं झाड घेऊन गेला की नदीकाठावर गेलेलं, ते आता कळायला मार्ग नाही. भिंगरी अजून कुठेही गेली की चालता चालता कुंपणांवरून आत डोकावते. कुणाचं कुत्रं भुंकतं, कुणी काय पाहिजे म्हणून विचारतं. ती काही नाही म्हणते आणि पुढच्या कुंपणाकडे जाते.