उपडा ठेवलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. माझ्या काचेवर कोपऱ्यातून निघालेली एक भेग आहे, पाठीला साडीची चमकी चिकटली आहे आणि चार्जरची पिन जरा तिरपी धरल्याशिवाय माझ्या पोटात काही जात नाही. तरी मी चालतो. सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका चाळीत, पहिल्या माळ्यावरच्या खोलीत साड्यांच्या गठ्ठ्यावर मी पडलेला असतो. आत्ता दुपार आहे, वर पंखा संथ फिरतो आहे आणि मला तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

माझा जन्म कुठे झाला ते मला धड आठवत नाही. खूप पांढरा उजेड होता आणि हातमोजे घातलेली बोटं होती. कोणीतरी मऊ कापडाने माझी काच पुसली, आणि मग खोक्यातला अंधार सुरू झाला. त्या अंधारात मी बरीच स्वप्नं पाहिली. कशाची, ते विचारू नका. तोवर मी काहीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती नुसती रंगांची स्वप्नं होती.

खोकं उघडलं ते वर्षाने. ती तेव्हा कॉलेजात शिकत होती. काय कौतुक होतं माझं! गुलाबी कव्हर, गळ्यात दोरी, आणि तापीच्या पुलावर गेली की सूर्य बुडेपर्यंत माझ्याकडून फोटो काढून घ्यायची. त्या दिवसांत मला नवे अपडेटही वेळच्या वेळी मिळायचे. अपडेट म्हणजे काय, ते मी आतून पाहिलेलं आहे. आधी सगळं काळं होतं. मग मधोमध एक बारीक रेघ हळूहळू भरत जाते. तेवढा वेळ मी कुठेच नसतो. जाग आली की एखादी जुनी खोड गेलेली असते, आणि खरं सांगायचं तर कधीकधी एखादी नवी लागलेलीही असते. पण वर्षा खूश व्हायची, म्हणून मीही खूश असायचो.

पुढे वर्षाचं लग्न झालं. तिचा नवरा योगराज कामरेजला हायवेजवळच्या एका छोट्या कारखान्यात काम करतो. तिला नवा फोन आला आणि मी तिच्या वडिलांच्या वाट्याला आलो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग राघोंनी मला दोन्ही हातांत धरलं. त्यांचे हात खरखरीत होते आणि मला धरताना ते अगदी जपून धरत होते. माझी नाराजी तिथेच विरघळली.

राघोंना ऐकू येत नाही. तरुणपणी ते धुळ्याकडच्या एका गावातून सुरतेला आले आणि अठ्ठावीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिले. शेकडो लूम एकाच वेळी खडखडत असलेल्या खात्यात माणूस माणसाशी बोलत नाही, नुसती मान हलवतो. त्या खडखडाटाने त्यांचे कान थोडे थोडे करून नेले. कानाचं यंत्र एकदा लावून पाहिलं, तर त्यातून पुन्हा लूमच ऐकू यायला लागली. त्यांनी ते डबीत घालून टाकलं.

म्हणून वर्षाने माझ्यात एक ॲप घातलं. समोरचा माणूस बोलला की ते मोठ्या अक्षरांत माझ्या काचेवर उमटायचं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम. गाणी वाजवणं, फोटो काढणं कोणालाही जमतं. मी एका माणसाचे कान झालो होतो.

अडचण एवढीच होती की मला येत होती शाळेतली मराठी, आणि राघोंची बायको उषाबाई बोलायची अहिराणी. ती घरी बसून साड्यांना टिकल्या लावते, राघो त्या साड्यांच्या घड्या घालतात. तिने "जेवाले चाला" म्हटलं की मी लिहायचो, "जीवाला चाळा." राघो वाचायचे, खो खो हसायचे आणि हात धुवायला उठायचे. अहिराणीत मुलीला आंडेर म्हणतात. हा शब्द मला कधीच पकडता आला नाही. मी दर वेळी लिहायचो, "आंध्र." "आंध्रचा फोन होता," "आंध्रने लोणचं पाठवलं." राघोंना सवय झाली. त्यांच्या घरापुरती माझी एक वेगळीच भाषा तयार झाली होती, आणि ती चुकीची आहे असं कोणालाही वाटत नव्हतं.

पण वय होतं तसं मला चक्कर यायला लागली. लिहिता लिहिता मध्येच काच पांढरी पडायची आणि ॲप बंद व्हायचं. मी परत उभा राहीपर्यंत बोलणारा बोलून मोकळा झालेला असायचा.

आषाढात एकदा वर्षा घरी आली होती. पुन्हा एका डॉक्टरकडे जाऊ, नवं यंत्र पाहू, असं तिने वडिलांना सांगितलं. राघो चिडले. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. वर्षा अर्धा चहा टाकून, डोळे पुसत निघून गेली. चार दिवसांनी तिने उषाबाईच्या बटणांच्या फोनवर फोन केला. उषाबाईने त्याचा स्पीकर लावला, तो माझ्याजवळ धरला आणि मला राघोंच्या समोर केलं. मला समजावं म्हणून वर्षा मुद्दाम शाळेतल्या मराठीत, सावकाश बोलली.

मी लिहिलं, "पप्पा, मी आता घरी येणार नाही."

आणि मला चक्कर आली.

पुढचं मी ऐकलं होतं, हो! "कानबाईच्या सणालाच येईन आणि आठ दिवस राहीन." पण ते माझ्या काचेवर उमटलंच नाही. राघोंनी ते एकच वाक्य वाचलं, बराच वेळ पांढऱ्या काचेकडे पाहिलं आणि मला बाजूला ठेवलं. उषाबाईला वाटलं, त्यांनी सगळं वाचलं. राघोंना वाटलं, पोरीने घर सोडलं. दोघांच्या मध्ये मी पडलो होतो, अर्धं वाक्य पोटात घेऊन, आणि मला स्वतःहून एक अक्षर लिहिता येत नव्हतं.

त्यानंतर राघो माझ्याकडे बघेनात. उषाबाई मला त्यांच्यासमोर धरायची, तर ते हात हलवायचे. "मले नको ते." जेवण कमी झालं. साडीची घडी घालता घालता ते मध्येच थांबायचे. उषाबाईला वाटलं की फोन सारखा बंद पडतो म्हणून हे वैतागले आहेत. तिने वर्षाला विचारलं. वर्षा घाईत होती. ती म्हणाली, "मम्मी, त्याले दुपारनं चार्जिंगले लाव आनि अपडेट करी ठेव."

उषाबाईने ऐकलं, उपडा करी ठेव.

मित्रांनो, हसू नका. तुम्ही पुन्हा एकदा म्हणून बघा, अपडेट करी, उपडा करी. गरम झालेलं पातेलं उपडं घालतात, धुतलेले पेले उपडे घालतात, मग तापलेला फोन का नाही? जेवणं झाली की तिने मला नेमाने चार्जिंगला लावून साड्यांच्या गठ्ठ्यावर उपडा ठेवायला सुरुवात केली. माझ्या काचेवर रोज एक निरोप यायचा, "नवा अपडेट तयार आहे," आणि तो निरोप साडीच्या पदराखेरीज कोणी वाचत नव्हतं.

त्या दुपारी मला फार आवडल्या, हे मी कबूल करतो. खाली मऊ कापड आणि तोंडावर जांभळा, हिरवा, केशरी अंधार. खोक्यातली ती रंगांची स्वप्नं मला परत पडायला लागली. पाठीवरच्या डोळ्याने मला वरचा पंखा दिसायचा, आणि त्याच्या कडेला, खालच्या बाजूला, ते दोघं. एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली. राघो उषाबाईच्या तोंडाकडे बघत असायचे.

तोंडाने विचारायला त्यांचा स्वाभिमान आड येत होता. पण उषाबाई बटणांच्या फोनवर बोलायला लागली, शेजारणीशी दारात बोलायला लागली, की ते घडी थांबवून तिच्या ओठांवर नजर ठेवायचे. ते एकच शब्द शोधत होते. आधी तोंड मोठं उघडतं, मग जीभ टाळ्याला लागते. आंडेर. तो शब्द दिसला की त्यांचा चेहरा हलायचा. पुढचं काही समजलं नाही की पुन्हा मान खाली. असे कितीतरी दिवस गेले. मी मात्र स्वप्नं पाहत होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

श्रावण लागला. कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, उषाबाईने गहू निवडले. वर्षा येण्याआधी फोन नीट व्हायला हवा, नाहीतर बापलेक बोलणार कसे, या काळजीने ती मला घेऊन दीपकच्या दुकानात गेली. दीपक आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करतो.

"रोज उपडा करी ठेवस मी, तरी बंद पडस," तिने तक्रार केली.

"उपडा?" दीपकने मला सुलटा करून निरोप वाचला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, अपडेट! त्याच्यात नवं सॉफ्टवेअर घालायचं असतं. तीन आठवडे हा बिचारा मागतोय."

उषाबाई आधी लाजली आणि मग इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मग तिने विचारलं, "मंग आते बंद पडाव नही ना?"

"बहुतेक नाही पडणार," दीपक म्हणाला. "ही खोड कंपनीला माहीत होती, तिच्यावरच उपाय आलाय. पण फोन जुना आहे. नवी काही खोड निघाली तर मला बोलू नका. आणि याला यापुढे अपडेट येतील असंही धरू नका."

त्याने बटण दाबलं. सगळं काळं झालं. ती बारीक रेघ भरायला लागली आणि मी तासभर कुठेच नव्हतो.

जाग आली तेव्हा अंग हलकं वाटत होतं. मी पहिलं काम काय केलं असेल? ते अर्धं वाक्य शोधलं. कानाकोपरा शोधला. ते नव्हतं. अपडेट पुढची चक्कर थांबवतो, पण चक्कर आली तेव्हा जे सांडलं ते परत भरून देत नाही. मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर उषाबाईने मला राघोंच्या पुढ्यात धरलं. त्यांनी नेहमीसारखा हात हलवला. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. उषाबाईने दाराकडे पाहिलं आणि ती ओरडली, "आंडेर उनी!"

आंडेर आली, एवढंच. मी नव्या दमाने ऐकलं आणि झरझर लिहिलं. आता मी "आंध्र" लिहीत नव्हतो. दीपक म्हणाला होता तशी नवी खोड निघाली होती. मी लिहिलं, "अंधार उणे."

राघोंनी चुकून वाचलं. त्यांनी भर दुपारच्या उजेडात इकडेतिकडे पाहिलं, बायको म्हणते तर असेल असं त्यांना वाटलं असावं, आणि उठून त्यांनी ट्यूबलाइट लावली. मागे वळले तर उषाबाई दोन्ही हातांनी दाराकडे दाखवत तोच शब्द पुन्हा म्हणत होती. तोंड मोठं उघडलं. जीभ टाळ्याला लागली. राघोंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं आणि मग दाराकडे.

दारात वर्षा पिशवी घेऊन उभी होती.

"तू सांगं व्हतं ना," राघो म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा चढलेला होता, पण मध्येच फाटला, "मी येवाव नही म्हनी?"

 वर्षाने माझ्याकडे पाहिलं, मी अर्ध्यातच बंद पडतो हे तिला आठवलं आणि सगळं कळलं. तिने पिशवी खाली ठेवली, वडिलांच्या समोर जाऊन बसली, त्यांचे हात हातांत घेतले आणि अगदी सावकाश, ओठ पुरते हलवत म्हणाली, "मी सांगं व्हतं, आते येवाव नही, कानबाईले येसू. आठ दिन ऱ्हासू."

राघो तिच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "आठ?" ते म्हणाले. तिने मान हलवली. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते खो खो हसले, हसता हसता रडलेही.

मी ते सगळं वाक्य लिहिलं. मध्ये कुठेही बंद पडलो नाही. "आठ दिन रस्सा," असा शेवट झाला, पण शेवटपर्यंत लिहिलं. कोणीच वाचलं नाही. मला जराही वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा जुना फोन तुमच्या घरी असेल तर त्याला वेळेवर अपडेट द्या, त्याच्या बऱ्याच खोडी जातात. पण माझ्या काचेवर आलेलं वाक्य पुरं आहे असं धरून कोणावर रुसू नका. उरलेलं त्या माणसाला विचारा. ते माझ्यात कधीच सापडणार नाही.

उषाबाईला आता अपडेट म्हणजे काय ते पक्कं माहीत झालंय. तरीही जेवणं झाली आणि ती राघोंच्या समोर साडी घेऊन बसली, की आधी मला उचलते आणि उपडा ठेवते. तुम्हालाही घरच्या कोणाशी काही बोलायचं असेल, तर मलाही तसाच ठेवा. मी पंख्याकडे बघत पडून राहीन.