पहिलं ताट कुणाचं?

धोंड्याच्या महिन्यात जावई जेवायला बसले की पहिलं ताट थोरल्याचं, असा पळसदेवच्या त्या घराचा रिवाज. पण नव्व्याण्णव साली धाकट्या जावयानं, इंदापूरच्या रविराजनं, कॉम्प्युटर घेतला आणि रिवाजाचा जीव धोक्यात आला. थोरला जोतीराम काटेवाडीचा, त्याच्याकडं कॉम्प्युटर आधीपासूनच होता. पडद्यावर चित्रं काढणारं त्याचं कार्ड आठ एमबीचं, रविराजचं चार एमबीचं. कुणाचं भारी यावरून साडूंची जुंपली तशी सासरे गंगारामतात्या म्हणाले, "दोनी मशिनी आणा हितं. जिंकंल त्याचं ताट पयलं."

जोतीराम मिशीला पीळ देतच आला. दोन्ही पडद्यांवर मोटारशर्यतीचा एकच गेम लागला. जोतीरामची मोटार लोण्यावरून घसरल्यागत पळाली. रविराजची चार हात जाऊन थबकायची, अडेल बैलासारखी.

"बघा तात्या, सेकंदाला तीस चित्रं! साडूभाऊंची आठ बी न्हाईत."

तात्यांची हयात बैलबाजारात गेलेली. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"थोरलं जावईबापू, तुमच्यात रस्त्याकडंचं झाड आलं कवा न् गेलं कवा, कळंना. ह्यांचं कार्ड एकेक चित्र थांबून दाखवतंय, पान न् पान मोजून घ्या! आवो, बैल उभा करूनच पारखत्यात. पळणारा कोण पारखतं?"

पहिलं ताट रविराजपुढं गेलं. जोतीरामनं धोंडे अपमानासकट गिळले.

दुसऱ्या दिवशी तो बारामतीच्या दुकानात उभा होता. "ह्याच्यापेक्षा मंद कार्ड हाय का? एक एमबीचं?"

"मंद? कशाला?" दुकानदार चक्रावला.

"पुढचा धोंडा जिंकायचाय," जोतीराम म्हणाला.