झाकणावरचं नाव

विलायतेतले तीन जुने बँड मे महिन्यात पुण्याला येणार होते, आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यासाठी दिवस मोजणारी एकच बाई होती. दीपा साळवे, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या पॅकिंग खात्यातली, वय छत्तीस.

"त्या म्हाताऱ्यांचं काय ऐकायचं गं?" शेजारच्या टेबलावरची छबूबाई हसायची.

"म्हातारे झालेत म्हनूनच जायचं. परत येत्यात का न्हाई, कोन जाने!"

हे खूळ घरात आणलं वडिलांनी. सोपान साळवे भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये वाढपी होते. बहात्तर साली बदली झालेल्या एका मेजरनं जाताना त्यांना रेकॉर्ड प्लेअर आणि सात रेकॉर्डी देऊन टाकल्या. वस्तीत घरोघर भीमगीतं लागायची. साळव्यांकडं भीमगीतं संपली की गिटार कोकलायची. शब्द कुणाच्या बापाला कळत नव्हते. दीपानं ते ऐकून ऐकून वहीत देवनागरीत उतरवले आणि धाकट्या पंकजकडून पाठ करून घेतले. त्या इंग्रजीच्या जोरावर पठ्ठ्या पुढं इंजिनिअर झाला. दीपा दहावीनंतर कामाला लागली. घरातल्या कुणीतरी लागायलाच हवं होतं.

पंकज आता नगरच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि साळवेचा भिंगारकर झाला होता. गॅझेटात छापून, अगदी रीतसर. दीपाला ते लागलं होतं, पण भाऊ म्हटल्यावर माणूस डोळेझाक करतं. त्यात मार्चमध्ये तो आपण होऊन सुप्याला आला आणि त्यानं दोन तिकिटं तिच्यापुढं धरली.

"एक तुझं, ताई. आपल्या रेकॉर्डींमधले दोन बँड आहेत. कार्यक्रमाच्या शनिवारी बारा वाजता फाट्यावर थांब, वाटेत खायला घरचं काहीतरी कर. आमच्या साहेबांच्या गाडीतून जाऊ."

तिकिटं मात्र त्यानं स्वतःच्याच खिशात ठेवली. म्हणाला, तुझ्याकडून हरवतील. जिनं चोवीस वर्षं रेकॉर्डीवर ओरखडा पडू दिला नव्हता, तिला हे सांगत होता!

त्या शनिवारच्या सुट्टीसाठी दीपानं लागोपाठ तीन आठवडे आपली सुट्टी सोडून काम केलं. वही काढून सगळी गाणी पुन्हा घोकली. पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी केली आणि मुद्दाम एक जुना स्टीलचा डबा काढला. पंकज पास झाला तेव्हा वडिलांनी हौसेनं घेतलेला, झाकणावर नाव घातलेला: चि. पंकज सोपान साळवे, इंजिनिअर. जयभीम. डबा पाहून पोरगं खूश होईल, असं तिला वाटलं. वेडी कुठली!

साडेबाराला गाडी आली. पुढं ड्रायव्हर, मागं साहेब आणि पंकज. दीपाच्या ओठांवर जयभीम आलं होतं. त्यांच्या घरात दुसरा नमस्कारच नव्हता. पण पंकजनं काच खाली करता करता तिच्याकडं असं पाहिलं, की ती चटकन म्हणाली, "नमस्कार."

"सर, हा तो डबा. म्हटलं होतं ना, घरगुती आहे," पंकज म्हणाला. त्यानं डबा घेतला. झाकण दिसलं तसा वर रुमाल टाकला.

साहेब वाकून म्हणाले, "अरे वा! आपण कोण? आडनाव काय?"

"आमच्या जुन्या शेजारी आहेत, सर," पंकजनं मध्येच सांगून टाकलं.

आत्ता बोलले तर गाणं हुकेल, एवढंच दीपाच्या डोक्यात होतं.

"पुण्याला निघालात का? बसा की, पुढं जागा आहे."

"नको सर, शिरूरला दोघांना घ्यायचंय," पंकज म्हणाला. मग तिच्याकडं न बघता, "बराय. पुढच्या वेळी बघू."

गाडी गेली. नवं पातळ नेसलेली दीपा दुपारी तीनपर्यंत फाट्यावर उभी होती. गाडी माघारी येईल, असं तिला उगाच वाटत राहिलं.

मंगळवारी पंकजच्या कंपनीचा ड्रायव्हर सूर्यभान कारखान्याच्या फाटकाशी डबा देऊन गेला. "भिंगारकर सायबांनी दिलाय."

दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, एवढी रीत पंकजनं पाळली होती. आत तिचं तिकीट होतं. कोरं, कोपराही न फाडलेलं. म्हणजे तिच्या जागी कुणी गेलंच नव्हतं, शिरूरची माणसं ही थापच असणार, आणि तिची खुर्ची तिथं रात्रभर रिकामी होती.

मग तिनं झाकण उजेडात धरलं. चि. पंकज सोपान, पुढं घासलेली जागा, मग इंजिनिअर, आणि शेवटी पुन्हा घासलेली जागा. आधी कानस, मग पॉलिश पेपर. काम सफाईचं होतं. रोज असाच माल तिच्या हाताखालून जायचा.

"काय गं, झाला का कारेक्रम?" छबूबाईनं विचारलं. "लई वरडलीस म्हन की!"

दीपा झाकणावरून अंगठा फिरवत होती.

"न्हाई बाई. एकच शबूद बोलायचा हुता, फाट्यावर. त्यो त्यानं घासायच्या आदी मीच गिळला."