दादाच्या गाडीचा काटा

गॅरेजच्या दारात माणसं टाचा उंचावून उभी होती. घाटातून नुकत्याच परतलेल्या जुन्या मोटारीचं तापलेलं इंजिन धडधडत होतं आणि तेलाचा दाब दाखवणारा काटा शून्यापाशी लुळा पडला होता. तेलस्वामींनी इंजिन बंद करून तेल काढायला लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि आपल्या लाल तेलाच्या बाटल्या एकेक करून आत ओतल्या. इंजिन पुन्हा सुरू झालं. काटा थरथरला आणि ताठ उभा राहिला.

"चढला! काटा चढला!"

"काटा चढला नाही, बाळांनो," स्वामी म्हणाले, "आत बसलेला आत्मा उतरला!"

मिस्त्रीनं स्वामींना हात जोडले. सहा महिने खपून हे इंजिन त्यानंच नव्यानं बांधलं होतं. गाडी त्याच्या थोरल्या भावाची. तीन वर्षांपूर्वी घाटातल्या शेवटच्या वळणावर दादाच्या छातीत कळ आली. गाडी कडेला घेऊन त्यानं धाकट्याला फोन केला. धाकटा "आलोच" म्हणाला आणि हातातलं काम उरकून निघाला. पोहोचला तेव्हा सगळं संपलं होतं. आता इंजिन बांधल्यावर तो चारदा घाट चढला, आणि चारही वेळा नेमक्या त्याच वळणावर काटा पडला. दादा तो उशीर विसरला नाही, एवढंच त्याला कळलं. आणि उद्या सकाळी त्याच वळणावरून दादाच्या मुलीला वसतिगृहात सोडायचं होतं. याच गाडीनं जायचं, हा हट्ट पोरीचाच.

"निर्धास्त जा," स्वामी म्हणाले. "फक्त शंका घेऊ नका. शंकेनं मंत्र नासतो."

मंत्र की दूध? पण हे विचारायची मिस्त्रीची छाती नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस!

इतक्यात वहिनी आल्या. त्या परिचारिका, दवाखान्यातून थेट आलेल्या.

"भाऊजी, काटा चढला म्हणजे काय झालं?"

"दाब वाढला, वहिनी. इंजिन बरं झालं."

"आमच्याकडे दाब वाढला की माणसाला खाटेवर निजवतात. तुमच्याकडे टाळ्या वाजवतात?"

गर्दीत खसखस पिकली. वहिनींनी पिशवीतून दोन नव्या सिरिंज काढल्या. एकीत लाल तेल भरलं. दुसरीत दादाच्या गाडीच्या जुन्या माहितीपुस्तकात जे तेल घालायला सांगितलं होतं, ते गॅरेजच्या फळीवरून घेऊन भरलं.

"दाबा."

पुस्तकातल्या तेलाची धार सहज सुटली. लाल तेलाला मात्र मिस्त्रीचा अंगठा पांढरा पडला, तरी टोकाशी एक थेंब फुगून लोंबत राहिला.

"जोर कुठे जास्त लागला?"

"लाल तेलाला."

"आणि बाहेर किती आलं?"

आता मिस्त्रीला कळलं. सकाळी गार इंजिनात काटा असाच ताठ राहिला असता, आणि दाट तेल न पोचल्यानं वरचे भाग कोरडेच घासले असते. घाटात कुठेतरी इंजिन जागीच आवळून बंद पडलं असतं, आणि शेजारी पोर! त्यानं बाटली नाकाशी धरली. अत्तराच्या वासाखाली गंधकाचा ओळखीचा दर्प होता.

"हे तर गिअरबॉक्सचं तेल! रंगवलेलं!"

वीस वर्षं मुरलेलं नाक, पण भीतीनं तेही बंद पडलं होतं. स्वामींची झोळी तोवर खांद्यावर चढली होती. "शंकेनं..." एवढंच म्हणत ते गर्दीतून निसटले.

"पण वहिनी, काटा त्याच वळणावर का पडायचा?" मिस्त्रीनं विचारलं.

"आधी कोणतं तेल घातलं होतंत?"

"सगळ्यांत महागाचं, नव्या गाड्यांचं. दादाच्या गाडीला काही कमी पडायला नको म्हणून. एकदम पात..." तो बोलता बोलता थांबला. जुन्या घडणीचं इंजिन, आतल्या फटी मोठ्या. चढ संपेपर्यंत ते पातळ तेल तापून पाण्यासारखं व्हायचं, आणि वळणावर गाडी हळू झाली की दाब पडायचा. दुसरा कुठलाही घाट चढून पाहिला असता तरी हेच दिसलं असतं. त्यानं पाहिलं नव्हतं.

त्यानं लाल तेल काढून पुस्तकातलं भरलं. सकाळी वहिनीही गाडीत बसल्या. वळण आलं. मिस्त्रीनं काट्याकडे पाहिलं. काटा जरासा खाली आला आणि तिथेच स्थिर राहिला. त्यानं गाडी कडेला घेतली.

"वहिनी, मी तेव्हा लगेच निघालो असतो तर?"

"तरी भेट झाली नसती. दवाखान्यातले कागद मी वाचलेत. पाच मिनिटांत सगळं आटोपलं होतं, आणि तुम्हाला इथवर यायला अर्धा तास लागतो." त्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "तीन वर्षं घाबरत राहिलात, भाऊजी. मला एकदा विचारायचं होतंत."

वाचकहो, तुमचाही काटा कधीतरी पडेल. तेव्हा बाटली विकत घेण्याआधी, ज्याला माहीत आहे त्याला विचारा.